दारावरची वेचणी
सोनेरी रंगाचा उग्र वास आला की मला ताईच्या यवतमाळच्या घराची वास्तुशांती आठवते. शेतातली फुटलेली बोंडं कापसासकट सुतळीत ओवून, कडा सोनेरी रंगवून मी तिच्या दारासाठी तोरण केलं होतं. सकाळी ते पांढरंशुभ्र डोलत होतं. मग गावाकडच्या बायका दारात बोलत उभ्या राहिल्या आणि पंगत बसेपर्यंत तोरणावर नुसती रिकामी बोंडं उरली. मी रडकुंडीला आले. त्यांच्यातल्याच माझ्या मावशीने ओशाळून मूठ उघडली, तर आत कापूस. म्हणाली, "बोंड दिसलं का हात जातेच वं माय, मी काय करू?" ताई इतकी हसली की माझाही रुसवा गेला. त्याच कापसाच्या वाती करून तिने संध्याकाळी दिवा लावला. परवा माझ्या दाराला तसंच तोरण बांधलं. खुर्चीवरून उतरले, तर माझीच मूठ कापसाने भरलेली.