बिनगाडीच्या गावातल्या ताई

रस्ता ओलांडताना ताई उजवा हात पुढे करायच्या. तळवा गाड्यांकडे आणि नजर स्वतःच्या चपलांकडे. "थांब रं बाबा," एवढे म्हणून चालू लागायच्या. समोरून रिक्षा येतेय की डंपर, हे त्या बघतच नसत. "थांबायचं त्यांनी हाय. मी कनाला बघू?"

तुमच्याही ओळखीत असे एखादे माणूस असेल, ज्याच्याबरोबर रस्ता ओलांडताना जीव आपलाच जातो. नेरूळच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ताई हेड क्लार्क होत्या आणि मी शेजारच्या टेबलावर. संध्याकाळी दोघी बरोबर निघायचो. मी रोज त्यांचा दंड पकडायचे, रोज ओरडायचे आणि रोज त्या म्हणायच्या, "सोड गो, बांगडी रुतली."

ताई घारापुरीच्या. लोक लेणी बघायला बोटीने जातात, ते बेट. माहेर तिथे आणि सासर इथे, नेरूळच्या सारसोळ्याला. बेटावर गाडी नाही. माणसे पायीच फिरतात. मोठ्या शाळेसाठी त्या उरणला मामांकडे आल्या, तेव्हा त्यांनी पहिला ट्रक जवळून पाहिला. तो कुणासाठी थांबत नाही, ही गोष्ट त्यांना तेव्हाही पटली नाही आणि नंतरही नाही.

एका मे महिन्यात मी अगदी वैतागले होते. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता खणलेला, सगळी वाहने एकाच बाजूने, आणि सकाळपासून हॉर्न. नवरा साताऱ्याला गावी गेलेला. मला तिकडे जायचे नव्हते. ताई म्हणाल्या, "माझ्या गावाला चल. टूरिस्टला रातचं रावू देत नाय, पन तू माझी पाहुनी. चार दिवस नुसती झोप काढ."

मी दोन पुस्तके घेतली, टोपी घेतली आणि निघाले.

झोपेचे सांगायलाच नको. सकाळी कोंबडे, मग पर्यटकांच्या लाँचची इंजिने, मग बंदरावरून पायऱ्यांपर्यंत जाणारी ती खेळण्यातल्यासारखी छोटी आगगाडी. तिलाही हॉर्न होताच. माकडाने माझ्या हातातला बिस्किटांचा पुडा नेला आणि जाताना चष्मा ओरबाडला. विहिरीचे पाणी तळाला गेलेले, म्हणून आंघोळीला अर्धी बादली. आणि ताई? ताई सकाळपासून धाकट्या भावाच्या दुकानात. दुकान म्हणजे ताडपत्रीखाली मांडलेले टेबल. टोप्या, मण्यांच्या माळा, ताक आणि कापलेली कैरी. भावजय ताकाच्या बाजूला, ताई कैरीच्या. तिखट-मीठ लावून त्या पुड्या बांधत बसलेल्या.

"ताई, आपण सुट्टीला आलोय ना?"

"मंग? सुट्टीच हाय ही."

"डोंगरावरची तोफ बघायला जायचं म्हणाला होतात."

"जावूया ना. उद्या."

उद्या म्हणजे पुन्हा कैरी. तिसऱ्या दिवशी मी चिडून एकटीच लेणी बघायला गेले आणि गर्दीत कुणाच्या तरी सेल्फीमागे उभी राहून परत आले. भाऊ हसला. मोजके बोलणारा, रापलेला माणूस, ताईंना बाय म्हणणारा. म्हणाला, "मॅडम, बायला माहेरी बसवून दाखवा. आमाला कवाच जमलं नाय."

शेवटच्या संध्याकाळी शेवटची लाँच गेली आणि बेट एकदम रिकामे झाले. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "चल."

आम्ही बंदराच्या वाटेने निघालो. ताई वाटेच्या बरोबर मधून चालत होत्या, हात मागे बांधून, अगदी सावकाश. ऑफिसात फायलींमागे पळणारी ही बाई इतकी हळू चालू शकते, हे मला ठाऊक नव्हते. मी काहीतरी बोलत होते. उत्तर येईना म्हणून वळून पाहिले, तर त्यांनी डोळे मिटलेले.

"ताई, पडाल!"

"कशावर?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी, निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, कॉलेजसमोरच त्यांना एका स्कूटीने उडवले. मी त्या दिवशी रजेवर होते. स्कूटीवाली मुलगी रडत बसलेली आणि ताई रस्त्यावर पडल्या पडल्या तिला विचारत होत्या, "तुना लागलं तं नाय?" खुब्याचे हाड मोडले होते. हॉस्पिटलात मी भेटायला गेले ती रागावूनच गेले. इतकी वर्षे ओरडले त्याचा काही उपयोग झाला नाही म्हणून. त्या गुंगीत होत्या, त्यामुळे मला भांडताही आले नाही.

ऑपरेशननंतर सारसोळ्याच्या घराचा जिना त्यांना चढवेना. यजमान कधीच वारलेले. एकुलता मुलगा उरणजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामात सुपरवायझर होता. तिथेच त्याने फ्लॅट घेतलेला, लिफ्टचा. तो आईला घेऊन गेला. मुलगा चांगला, सूनही चांगली. तक्रार करायला जागा नव्हती आणि तेच कठीण होते.

मी भेटायला जायचे, तेव्हा ताई सातव्या मजल्याच्या गॅलरीत वॉकर धरून उभ्या असायच्या. खाली कंटेनरचे ट्रेलर, एकामागे एक. फुटपाथ असा नव्हताच. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. ताई हॉलमध्ये सोफ्यापासून फ्रिजपर्यंत चालायच्या. खाली उतरायचे म्हटले की मुलगा सोबत हवा, आणि मुलगा घरी येईपर्यंत अंधार झालेला.

"मना घारापुरीला सोड," एक दिवस त्या म्हणाल्या. "तिथं मी एकटी चालंन. काठी टेकत, पन एकटी."

मी मुलाशी बोलले. तो म्हणाला, "मावशी, तिकडे डॉक्टर नाही. तुम्हीच सांगा, कसं पाठवू?" मग भावाला फोन केला. तो जास्तच स्पष्ट बोलला. "रातचं काय झालं तं बोट मी कुठून आनू? समुद्र खवळलेला असला तं? उद्या लोक बोलतील, बहिनीला मारली. नाय मॅडम. नका आनू तिला."

दोघांचेही बरोबर होते. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी आदळली. बरोबर असलेल्या माणसांशी भांडायचे तरी कसे? ताईंना मी भावाचा निरोप सांगितला. त्या सोफ्यापासून फ्रिजपर्यंत गेल्या आणि तिथेच पाठ करून उभ्या राहिल्या. त्यानंतर दोन महिने त्यांनी घारापुरीचा विषय काढला नाही. चालणेही सोडले. सून फोनवर म्हणाली, "आई आता पलंगावरच असतात."

मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. "उद्या मोकळी हाय का? मना बंदरावर सोड."

"मुलाला सांगितलंत?"

"आता सांगते."

सकाळी गाडी घेऊन पोचले, तर मुलगा पिशवी घेऊन खाली उभा. चेहरा तांबारलेला. रात्रभर भांडण झाले असावे. पिशवी मांडीवर घेऊन तो मागे बसला. उरणच्या बाजूच्या बंदरावर गावकऱ्यांची बोट लागली होती. त्याने आणि खलाशाने ताईंना उचलून आत बसवले. त्याची ड्यूटी होती, म्हणून सोबत मी निघाले. बोट सुटताना तो एवढेच म्हणाला, "आठ दिवस. मग मी न्यायला येतो." ताई दुसरीकडे बघत होत्या.

पलीकडे भाऊ धक्क्यावर उभा होता. भाच्याने फोन केलेला. आमच्याकडे बघून त्याने हात पुढे केला नाही. "नाय आनायचं सांगितलं होतं ना मॅडम?" मग बहिणीकडे वळून म्हणाला, "तुना अक्कल हाय का, बाय? या पायऱ्या चढशील?"

भरती अर्धीच होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होते आणि बोट हलत होती. वॉकर पोटाशी धरून ताई फळीवर बसून राहिल्या. मागून पर्यटकांची लाँच येऊन थांबली, तिचा माणूस जागा द्या म्हणून ओरडू लागला. आमचा खलाशीही कातावला, "भाऊ, काय ते लवकर ठरवा."

भाऊ दोन पायऱ्या उतरला. पाठ वळवून बोटीच्या कडेला खाली वाकला.

"धर."

"पडशील," ताई म्हणाल्या.

"धर बोलतो ना."

तो पाठीवर बहीण घेऊन धक्क्यावर चढला आणि तसाच गावाच्या वाटेला लागला. वॉकर आणि पिशवी घेऊन मी मागे धावत होते. वाटभर त्याची शिवीगाळ चालू होती आणि ताई त्याला हळू चालायला सांगत होत्या.

मुलगा आठ दिवसांनी न्यायला गेला आणि एकटाच परत आला. पुढच्या महिन्यातही तेच. मग तो औषधे पोचवायला जाऊ लागला. मी फोन करायचे, तर दोन वाक्यांत रेंज जायची. "ताई, चालता ना?" विचारले की खरखर. मला त्या फोनचा इतका संताप यायचा.

दोन वर्षांनी, पावसाळ्यात, ताई तिथेच गेल्या. रात्री छातीत दुखू लागले. वारा सुटलेला, बोट निघाली नाही. भावाला ज्याची भीती होती, नेमके तेच झाले.

मी फोन केला तेव्हा नेमकी रेंज चांगली होती. भाऊ बराच वेळ बोटीचेच सांगत राहिला. कुणाकुणाला उठवले, कोण काय म्हणाले. त्याच्या आवाजात राग होता, बहिणीवरचा, समुद्रावरचा आणि थोडा माझ्यावरचाही. मी सगळे ऐकून घेतले.

मग तो म्हणाला, "त्याच सांजच्याला बंदरापर्यंत जावून आलेली. एकटी. वारा होता म्हनून मी गपचूप मागं गेलो, तं वळून मनाच ओरडली. बोलली, घरी जा तू."