बाबांचा पानडबा आता काचेत

मंडळी, आज बाळापूरला माहेरी आलेय. आमच्या जुन्या घराची दुरुस्ती संपली, त्याचं वास्तुपूजन होतं.

दादानं घर झकास केलंय, खोटं कशाला बोलू? सागवानी खांब घासून चमकवले, मातीच्या भिंती पुन्हा लिंपून घेतल्या. बाबांची खाट तेवढी मागच्या टिनाच्या खोलीत टाकली. प्लास्टिकच्या पट्ट्यांची खाट अशा घरात शोभत नाही म्हणे.

बैठकीतल्या कोनाड्यात काचेमागं बाबांचा पितळी पानडबा ठेवलाय. वरून पिवळा लाईट.

जेवणं झाल्यावर बाबा काठी टेकत आले. "डबा दे ना रे, मले पान लावाचं हाये."

दादा पाहुण्यांसमोरच म्हणाला, "बाबा, तो आता शोचा हाये. अन् तुमी मागं जाऊन बसा बरं, फोटोत येऊन राहिले."

बाबा मागं गेले. दादाला जुन्या वस्तूंची भारी कदर आहे. बाबा वस्तू नाहीत, एवढीच त्यांची चूक.

संध्याकाळी दादानं फेसबुकवर डब्याचा फोटो टाकला. वर लिहिलं, "बाबांची आठवण." झालं! खाली "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागली. दादानं कोणालाच सांगितलं नाही की बाबा जिवंत आहेत. उलट एकेकाच्या कमेंटखाली हात जोडल्याची इमोजी टाकून राहिला.

आत्ता बाबा माझ्याजवळ खाटेवर बसलेत. माझ्या मोबाईलकडं बघत मोठ्या हौसेनं विचारून राहिले, "लोकायले आवडलं का आपलं घर? काय लिहून राहिले, वाच ना मोठ्यानं."

सांगा, काय वाचू?