नवमीला बंद केलेला कम्प्युटर

त्या खंडेनवमीचा संताप मला अजून येतो.

दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी एक जुना कम्प्युटर आहे. मी वापरत नसलो की तो कंपवातावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांची आकडेमोड करतो. इंटरनेटवरून गणिताचा एक तुकडा येतो, मुदतीत उत्तर पाठवायचं. उशीर झाला की केलेलं सगळं वाया, तुकडा दुसऱ्या कोणाकडे जातो. कंपवात माझ्या बायकोला आहे. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मला करता येण्याजोगं एवढंच उरलं.

त्या वेळचा तुकडा आठ दिवस चालला होता. मुदत नवमीच्या संध्याकाळपर्यंत. सकाळी चारच तासांचं काम बाकी होतं, म्हणून मी निर्धास्तपणे तिची औषधं आणायला सिटी सेंटरला गेलो. एक औषध तिथे मिळेना, त्यासाठी पार लष्कर भागातल्या दुकानांतून वणवण केली. घरी यायला पाच वाजले.

पाहतो तर कम्प्युटर बंद. वर झेंडूची माळ, पुढ्यात घराण्याची तलवार. दादा, माझे थोरले भाऊ, ती दर वर्षी चादरीत गुंडाळून पूजेला आणतात. पडद्यावर तर कुंकू इकडून तिकडे फासलेलं.

"कोणी बंद केला हा?" मी ओरडलो.

"मी," दादा म्हणाले. "अरे, आज हत्यारांची पूजा. साल में एक दिन तो आराम करने दे बेचारे को!"

"आराम तुमच्या तलवारीला द्या! तिनं जन्मात भाजी चिरली नाही. हा काम करत होता, दादा! आणि कुंकू तरी धड लावायचं. पोरांनी रंगपंचमी खेळल्यासारखं फासलंय नुसतं!"

एरवी माझा एक शब्द ऐकून न घेणारे दादा मान खाली घालून बसले. मला आणखीच चेव आला. तोंडाला येईल ते बोललो, आणि पडदा पुसायला फडकं घेऊन आलो.

"त्यांना नका बोलू," दारातून बायको म्हणाली. "मीच बंद केला. माझ्यासाठी रात्रंदिवस राबतो, म्हटलं आज त्याची पूजा माझ्या हातून होऊ दे. बोट नीट टेकेना, म्हणून चार-चारदा लावलं."

उजव्या हाताची लाल बोटं तिनं डाव्या मुठीत घट्ट धरली होती.

"पुसून देऊ का?" तिनं विचारलं.

"राहू दे!" मी म्हणालो. तेही ओरडूनच.