लाईन अर्थ शे

हँडलवर कोळ्याचं जाळं होतं. अख्खं, धुळीने भरलेलं, एक धागाही न तुटलेलं. मी मोबाईलवर त्याचे चार फोटो काढले आणि मनात म्हटलं, सापडला.

ते हँडल अर्थ स्विचचं होतं. पिंपळनेरच्या पुढे एका सबस्टेशनच्या यार्डात मी उभी होते. दोन दिवसांपूर्वी इथल्या ऑपरेटरने, म्हणजे सुकदेवने, लाईनमनला फोनवर सांगितलं होतं की लाईन अर्थ आहे. त्या भरवशावर लाईनमन भटूभाऊ पोलवर चढले आणि थोड्या वेळाने सुकदेवने लाईन चालू केली. भटूभाऊ वाचले, कारण तारेला हात लावायच्या आधी त्यांनी स्वतःचा डिस्चार्ज रॉड अडकवला होता. रॉड म्हणजे एक लांब काठी, टोकाला आकडा आणि आकड्यापासून जमिनीत गेलेली वायर. मोठा आवाज झाला, करंट त्या वायरने जमिनीत गेला आणि भटूभाऊ खाली नांगरलेल्या रानात पडले. खांद्याजवळची हासळी मोडली, उजवा पंजा भाजला.

आणि हे जाळं सांगत होतं, की हँडल कित्येक दिवसांत कोणी फिरवलेलंच नाही. म्हणजे सुकदेव धडधडीत खोटं बोलला होता.

मी वीज कंपनीत इंजिनिअर आहे, धुळ्याला, टेस्टिंगमध्ये. अपघात झाला की चौकशीला मला पाठवतात. संशय घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि स्वभावाचाही. घरातून निघताना गॅसचं बटण मी तीनदा बघते. नवरा म्हणाला, "मी बंद केलंय," की चौथ्यांदा बघते.

अर्थ करणं म्हणजे काय, ते आधी सांगते. लाईन नुसती बंद करून भागत नाही. कोणी चुकून परत चालू केली किंवा कुणाच्या जनरेटरचा करंट उलटा आला, तर वर चढलेला माणूस जातो. म्हणून बंद केलेली लाईन जाड पट्टीने जमिनीला जोडून ठेवतात. सबस्टेशनमध्ये ते काम या हँडलने होतं. ते झालं की ऑपरेटर परमिट देतो, म्हणजे चढायची परवानगी. परमिट लेखी द्यायचं असतं. घाईच्या वेळी फोनवर चालतं. चालू नये, पण चालतं.

फोनवर काय बोलणं झालं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. भटूभाऊंच्या मोबाईलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, धुळ्याच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो मला ऐकवला. त्या गावात अंगणवाडी सेविका आहेत.

"लाईन बंद शे का?" हे भटूभाऊ, अहिराणीत. शे म्हणजे आहे.

"बंद शे." हा सुकदेव.

"अर्थ शे?"

"शे ना. अर्थ शे."

फोन बंद. खट्‌कन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मॅडम, मला एकच सांगा," सुनंदाताई म्हणाल्या. "हे वर चढलेत, हे त्याला माहीत होतं का? माहीत असून चालू केली असेल, तर मी पोलिसात जाणार. जीव घ्यायचा प्रयत्न केला म्हणून लिहून देणार. गावातले लोक कालच सबस्टेशनवर जायला निघाले होते, मीच थांबवलंय."

असं वाटायला कारण होतं. मागच्या वर्षी भटूभाऊंनी सुकदेवची लेखी तक्रार केली होती, ड्युटीवर फोन उचलत नाही म्हणून. सुकदेवची तेव्हा नरडाण्याला बदली ठरली होती. घर जवळ, म्हातारे आईवडील तिथे. त्या तक्रारीने बदली अडकली ती अडकलीच. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हे मला सबस्टेशनमधल्या प्रत्येकाने, मी न विचारता, वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं.

यार्डातूनच मी धुळ्याला साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता.

"मॅडम, रेकॉर्डिंग आहे, जाळ्याचे फोटो आहेत, भांडण आहे. अजून काय पाहिजे?" साहेब म्हणाले. "दोन पानं लिहा. सस्पेन्शनचं मी बघतो."

"साहेब, त्या लाईनवर निंबाची फांदी पडली होती. ती वेळेवर छाटली का गेली नाही, तेही बघायला लागेल."

"फांदीचं नंतर बघू हो. आधी माणसाचं संपवा."

फांद्या छाटायचं काम साहेबांच्या ऑफिसकडे होतं. त्यांना एवढी घाई का, याचाही मला संशय आला. तो मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

मग सुकदेवला समोर बसवलं. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, हात मांडीवर घट्ट धरलेले. त्याची ड्युटी काढून घेतली होती.

"तुम्ही लाईन अर्थ आहे म्हणून सांगितलं?"

"हो मॅडम."

"हँडल फिरवलं होतं?"

"नाही."

"मग खोटं का सांगितलं?"

"खोटं नाही मॅडम. अर्थ होता, म्हणून अर्थ आहे म्हटलं. रजिस्टरला पण लिहिलाय."

रजिस्टर काढलं. खरंच, त्या दिवशीच्या पानावर वेळ टाकून इंग्रजीत एकच शब्द होता, Earth. मला वाटलं, हे मागाहून घुसडलंय. शाई बघितली, वरच्या-खालच्या नोंदींशी ताडून पाहिली. पेन तेच होतं. मग रिले तपासला. रिले म्हणजे लाईनचा राखणदार. गडबड झाली की तो ब्रेकर पाडून लाईन बंद करतो आणि वेळ लक्षात ठेवतो. त्याची वेळ आणि रजिस्टरची वेळ मिनिटाला मिनिट जुळली. एखाद्याला इथे शंका आली असती. मला उलट खात्रीच झाली. म्हटलं, पक्का आहे गडी, खोटंसुद्धा वेळच्या वेळी लिहितो.

"आणि लाईन परत चालू का केली?"

"ट्राय घेतला मॅडम. नेहमीसारखा."

हे मात्र बरोबर होतं. वाऱ्याने फांदी लागते आणि वाऱ्यानेच निघते. म्हणून काही मिनिटं थांबून ऑपरेटर लाईन एकदा चालू करून बघतो. पण ज्या लाईनवर माणूस काम करतोय, तिच्यावर ट्राय घेत नाहीत.

"भटूभाऊ लाईनवर आहेत, माहीत नव्हतं?"

"ते फॉल्ट शोधत फिरताहेत असं वाटलं. चढतो म्हणून सांगितलं नाही त्यांनी."

मी लिहायला बसले. दोन पानांपैकी दीड पान झालं होतं. "ऑपरेटरने हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिली" हे वाक्य लिहून मी त्याखाली रेघही मारली होती. तेवढ्यात हूटर वाजला. दुसऱ्या एका फीडरचा, म्हणजे दुसऱ्या गावांकडे जाणाऱ्या लाईनचा ब्रेकर पडला होता. ड्युटीवर ज्ञानेश्वर नावाचा ऑपरेटर होता. त्याने पॅनलकडे नजर टाकली, रजिस्टर ओढलं, तोवर फोन वाजला.

"हाव," तो फोनवर म्हणाला. "अर्थ शे."

मी खिडकीतून यार्डात पाहिलं. त्या फीडरचं हँडल होतं तिथेच होतं. यार्डात चिटपाखरू नव्हतं.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, टेबलावर हातच आपटला. "माझ्यासमोर? माझ्यासमोर खोटं सांगता? हँडल कोणी फिरवलं?"

ज्ञानेश्वर घाबरून उभा राहिला. "हँडलचं कुठे बोललो मॅडम? लाईनमनने विचारलं ब्रेकर कशावर पडला, मी सांगितलं अर्थ आहे."

त्याने पॅनलवरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. दिव्याखाली लिहिलं होतं, अर्थ फॉल्ट.

तार तुटून खाली पडली किंवा झाडाला टेकली की करंट जमिनीत जायला लागतो. तो हा अर्थ फॉल्ट. बोलताना त्यातला फॉल्ट गळतो आणि नुसता अर्थ उरतो. आणि लाईन सुरक्षित करायला जमिनीला जोडतात, त्यालाही अर्थच. रोगाचं नाव तेच आणि औषधाचंही तेच. सुकदेवने रोग सांगितला होता, भटूभाऊंनी औषध ऐकलं होतं.

मी खाली बसले. वीस वर्षं या खात्यात काढून मी एका शब्दावर माणसाची नोकरी घालवायला निघाले होते. समोर सुकदेव तसाच मांडीवर हात धरून बसलेला होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

पण स्वभाव कुठे जातो? पाच मिनिटांनी वाटलं, या दोन ऑपरेटरांनी आपसात ठरवलं असेल तर? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपासचे सहा लाईनमन आणि चार ऑपरेटर बोलावले. लाईनमन एका खोलीत, ऑपरेटर दुसऱ्या. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. फळ्यावर लिहिलं, "लाईन अर्थ शे." म्हटलं, एकमेकांना न विचारता याचा मतलब लिहा.

चारही ऑपरेटरांनी लिहिलं, फॉल्ट आहे. पाच लाईनमनांनी लिहिलं, काम करायला हरकत नाही. सहाव्याने लिहिलं, "कोण बोलतंय त्यावर."

हा सहावा माणूस मला फार आवडला. त्याला मी चहा पाजला.

मीसुद्धा काही वेगळी नव्हते. आमच्या टेस्टिंगमध्ये अर्थ म्हणजे यार्डातला तो खड्डा, ज्यात सळई पुरून पाणी घालतात. आम्ही सहज म्हणतो, "अर्थ सुकलाय." इंग्रजीला काय, एकच शब्द घेतला, कधी नाम म्हणून वापरला, कधी क्रियापद म्हणून. आपण त्याला मराठीत "आहे" नाहीतर "केला" असं शेपूट लावतो, म्हणून निभावतं. इकडे अहिराणीत "अर्थ शे" म्हणजे आहे. "अर्थ करेल शे" म्हणजे केलेला आहे. सगळा फरक त्या "करेल"चा, आणि तो नेमका फोनवर कोणी बोललं नव्हतं.

का बोललं नव्हतं, हे सुकदेवला विचारलं. "भटूभाऊंनी अर्धवट विचारलं, ठीक. पण 'तू कुठे आहेस, काय करतोयस', एवढं तुम्ही त्यांना विचारायचं होतं."

त्याने मांडीवरचे हात सोडवले. मग म्हणाला, "पहिले भटूभाऊंचा फोन आला की पाच मिनिटं बोलणं व्हायचं मॅडम. कोणत्या शेतात आहे, काय दिसतंय, सगळं. मागच्या वर्षापासून आम्ही कामापुरतंच बोलतो."

म्हणजे भांडणाचा संबंध होता. लोक सांगत होते तसा नव्हता, पण होता.

हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा सुनंदाताई पलंगाशी बसल्या होत्या. मी सरळ सांगितलं, "त्याला माहीत नव्हतं. पण त्याने विचारलंही नाही." मग सगळं समजावलं. चिठ्ठ्या दाखवल्या.

"हे असंच लिहाल?" त्यांनी विचारलं. संशय त्यांच्याही डोळ्यांत होता, आणि तो रास्त होता. आम्ही कंपनीचीच माणसं.

"असंच लिहीन. फांदीचंही लिहीन."

भटूभाऊंनी मोबाईल मागितला. रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "त्यानी 'शे' म्हणा. मी 'करेल शे' ऐकं." आणि पुढे म्हणाले, "मी चढी राह्यनू, हाई मी बी सांगं नही."

सुनंदाताई आतापर्यंत माझ्याशी ताठ बोलत होत्या. हे ऐकलं आणि त्या तोंडाला पदर लावून रडल्या. पोलिसात कोणी गेलं नाही.

दीड पान फाडून मी अहवाल नव्याने लिहिला. परमिटशिवाय चढले म्हणून भटूभाऊंना मेमो, खात्री न करता ट्राय घेतला म्हणून सुकदेवला मेमो. सस्पेन्शन टळलं. फांदीवर अर्धं पान लिहिलं, ते साहेबांना आवडलं नाही. फॉर्मात अपघाताचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे मी लिहिलं, "अपूर्ण वाक्य."

"असलं कारण नसतं मॅडम," साहेब म्हणाले आणि तिथे "कम्युनिकेशन गॅप" लिहिलं. मराठीत अर्थ म्हणजे मीनिंग, यावर त्यांनी एक विनोदही केला. तो मी रेकॉर्डवर घेतला नाही.

आता त्या सबस्टेशनमध्ये नुसता अर्थ बोलायला बंदी आहे. एकतर "फॉल्ट" म्हणायचं, नाहीतर "अर्थ केला" म्हणायचं. या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच: माणूस रागावला की आधी क्रियापदात काटकसर करतो, आणि आमच्या धंद्यात ते परवडत नाही.

तीन महिन्यांनी रिलेच्या टेस्टिंगला मी परत तिथे गेले. भटूभाऊ कामावर आले होते, सुकदेव ड्युटीवर होता. दुपारी एक फीडर पडला आणि भटूभाऊंचा फोन आला. मी कान टवकारून ऐकत होते, सवयच ती.

"लाईन बंद शे," सुकदेव म्हणाला. "फॉल्टवर पडेल शे. अर्थ करेल नही. भटूभाऊ, तू कोठे शे?"

पलीकडून जे उत्तर आलं ते बरंच लांब होतं. सुकदेव ते शब्दन्‌शब्द रजिस्टरमध्ये लिहीत होता. दोघं अजून एकत्र चहा घेत नाहीत असं ज्ञानेश्वरने मला बाजूला घेऊन सांगितलं. ते माझ्या चौकशीत येत नाही.