ऑटोमॅटिक गाडीला गिअर लावून घेणारा माणूस

माझ्या नवऱ्याला माझी भाषणं आवडायची नाहीत.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. या वर्षात माझ्याकडून एकही धड भाषण झालेलं नाही.

तुम्ही मला व्यासपीठावर पाहिलंय. डिचोलीच्या शाळेतली बाई, खाणी आणि टेकड्यांवर तावातावाने बोलणारी. हे तुम्हाला फारसे दिसले नसतील. सभा संपेपर्यंत बाहेर गाडीला टेकून उभे असायचे.

हा माणूस आठवडाभर खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा.
आणि रविवारी मला खाणींविरुद्ध बोलायला घेऊन जायचा.

जाताना मी गाडीतच भाषणाची तालीम करायचे. मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ते एक शब्द बोलायचे नाहीत. वाक्य पोकळ आलं, की खालचा गिअर टाकायचे.

सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, चौथ्यातून तिसरा. इंजिन ओरडायचं आणि माझं वाक्य त्यात बुडून जायचं.

मी ते कागदावरून खोडायचे.

एकदा मुळगावच्या सभेला निघालो होतो. "या खाणींनी आमच्या विहिरी आटवल्या," मी म्हणाले आणि हळूच त्यांच्याकडे पाहिलं. हात गिअरवरच होता, हलला नाही.

पुढे "हे रक्तपिपासू टिपर" म्हणाले आणि गाडी किंचाळली.

"राग आला?"

"विहिरीचां खरां, बाई. पण टिपर रगत पिणा नाय, डिझेल पिता. मीच भरतंय."

मग त्यांचा डावा गुडघा गेला. इतक्या वर्षांच्या क्लचने खाल्ला. डॉक्टरांनी क्लच बंद सांगितला, म्हणून जुनी गाडी काढून सेकंडहँड ऑटोमॅटिक सेडान घेतली.

गाडी छान होती. गिअर कधी बदलला, कळायचंसुद्धा नाही.

आणि माझी भाषणं फुगत गेली.

पार्श्याच्या सभेत मी पन्नास मिनिटं बोलले. मागच्या खुर्च्या रिकाम्या होताना दिसत होत्या, तरी थांबले नाही. परतताना त्यांच्यावरच चिडले. "सांगायचं नाही का तुम्ही?"

"कशान सांगू? क्लच नाय, गिअर नाय. मी नुसतो बसान असतंय."

"तोंड आहे ना?"

"तोंडान सांगितलां काय तू वाद घालतस."

हे खरं होतं. तोंडाने कुणी चूक दाखवली की मी भांडते. इंजिनाशी भांडता येत नाही.

"मग त्या गिअरच्या दांड्याला हाताने बदलायचं प्लस-मायनस आहे की, ते वापरा."

"हात थंय नेलो काय तुका दिसता. तू लगेच वाक्य बदलतस. मगे तपासणी कसली?"

पुढच्याच आठवड्यात ते पॅडल शिफ्टर लावायला निघाले. स्टीअरिंगच्या मागे दोन पाती. बोटाने उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. महागड्या गाड्यांना ती कंपनीतूनच येतात. आमच्या गाडीला बाहेरून बसवायची होती.

इलेक्ट्रिशियन बसवराज, मूळचा बेळगावकडचा. "काकू, गाडी गप पळतीया चांगली," तो म्हणाला. "कशाला हिला बोलकी करताय?"

मी तिथे उभी राहून दोघांना सुनावलं. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिच्या शेजारून वायरी ओढणं हा काय खेळ आहे? सुरक्षितता, कायदा, बेजबाबदारपणा, सगळं काढलं. बसवराज हातात स्क्रूड्रायव्हर धरून ऐकत राहिला.

शेवटी हे त्याला म्हणाले, "तू काम कर. ही थांबाची नाय. म्हणान तर लावतंय."

बसवराजने बॅटरी सोडवली आणि आम्हाला बाकावर बसवलं. "आता थोडा वेळ कुणी हात लावायचा न्हाई. एअरबॅग शांत होऊ दे."

ती झाली. मलाही व्हावं लागलं.

संध्याकाळी घरी येताना मी मुद्दाम एका जाड पुस्तकातलं उसनं वाक्य ठोकून दिलं.

इंजिन ओरडलं.

त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर. नजर सरळ रस्त्यावर. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. एकसष्टाव्या वर्षी मी त्या माणसाच्या पुन्हा प्रेमात पडले, तेही अस्नोड्याच्या ट्रॅफिकमध्ये.

त्यानंतर ती गाडी त्यांनी कधी डी मध्ये, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरवर, चालवली नाही. दोन वर्षं माझं प्रत्येक भाषण त्या डाव्या पात्याखालून गेलं.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळचा चहा घेताना, ते गेले.

परवा कोरगावला टेकडीसाठी सभा होती. गाडी मुलीने चालवली, डी मध्ये. मी शेजारी बसून भाषण म्हणायला घेतलं. अस्नोडा गेलं, कोलवाळचा पूल गेला, धारगळ गेलं. कुठेच आवाज झाला नाही.

"कसं वाटतंय?"

"छान आहे आई. सगळंच छान आहे."

मी म्हटलं, "ते डावीकडचं पातं ओढ."

"कुठल्या वाक्याला?"

मला सांगता येईना. मला कळत असतं तर ते कशाला लागले असते?

कोरगावात मी सगळं बोलले. टेकडी कापून विकणाऱ्यांना चोर म्हणाले, आजही म्हणते, त्यातलं अक्षर मागे घेणार नाही. टाळ्या खूप पडल्या. व्यासपीठावरून उतरताना माझी नजर बाहेर, गाडीकडे गेली.

तिथे फक्त गाडी होती.

अहो, वर्षभर सगळे माझं कौतुकच करतायत. कुणी मला खोडत नाही. किती एकटं वाटतं त्यात, हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही असाल तिथे माझा नमस्कार पोचू दे.

तुमची,
बाई