पाहुण्यांच्या बैठकांवरचे टेबल

मोरोक्कोतल्या तेतुआनच्या जुन्या शहरात रहीमोने आजवर जेवढे पायघोळ कफ्तान कापले, तेवढे सगळे गुडघ्यांवर बसून. तिच्या गुरुणीने तिला तसेच शिकवले होते. फरशीवर धुतलेली चादर अंथरायची, तिच्यावर कापड पसरायचे, आणि नमाजाला वाकावे तसे कापडावर वाकून कातर चालवायची. नवरीच्या कफ्तानाला खांद्यावर शिवण नसते. पुढचा आणि मागचा भाग एकाच सलग कापडातून निघतो. त्यामुळे सगळे कापड एकाच वेळी सपाट पडलेले लागते, आणि कापताना हात चुकला तर ठिगळ लावायलाही जागा उरत नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी यापुढे जमिनीवर बसायचे नाही, असे बजावले. ही बातमी तिच्या दिवंगत नवऱ्याच्या थोरल्या भावाला, गल्ली ज्याला मानाने 'सी मफद्दल' म्हणे त्याला, लगेच कळली. त्याने उपायही सांगितला: कापण्याचे काम बाजारातल्या शिंप्याकडे द्यावे, रहीमोने घरी बसून रेशमी गाठींच्या गुंड्या लावाव्यात. तो सल्ला मनापासून दिलेला होता आणि म्हणूनच तिला अधिक झोंबला. त्या गल्लीत कफ्तान ओळखला जातो तो कापणाऱ्याच्या नावाने. गुंड्या कोणी लावल्या हे कोणी विचारत नाही. कातर हातातून गेली की ती दुसऱ्याच्या कफ्तानावर वाकलेली एक बाई उरणार होती, आणि वाकण्यासाठी तर गुडघेही उरले नव्हते.

"उभं राहून कापीन," ती शमाला म्हणाली.

शमा शेजारची विधवा. रहीमोच्या गुंड्या तीच लावत असे. ती म्हणाली, "उभी राहा की. पण कापड काय हवेत लटकवणार आहेस?"

टेबल करायचे ठरले. वरची फळी काहीतरी मिळेल, प्रश्न पायांचा होता. आधी सुतार अयाशीने आपल्या दोन लोखंडी घोड्या आणून दिल्या. मोठी कातर जाड ब्रोकेडमध्ये शिरते तेव्हा सगळे अंग तिच्यावर टाकावे लागते. रहीमोने तसे अंग टाकताच घोड्या थरथरल्या आणि खडूची रेघ वाकडी गेली. मग जेवणाचे गोल मेज विटांवर चढवून पाहिले. ते मध्ये पक्के उभे राहिले, पण कडेला हात टेकताच लवू लागले. शमाने बंदरावरून मासळीची लाकडी खोकी आणली. ती मात्र हलली नाहीत. त्यांच्यावर एक रात्र ठेवलेल्या साटीनला दुसऱ्या दिवशी सार्डिनचा वास येत होता.

"वरात निघाली की मांजरं नवरीच्या मागे चालतील," शमा म्हणाली. खोकी परत गेली.

पाहुण्यांच्या खोलीत हिवाळ्याची घोंगडी काढायला गेल्यावर रहीमोला उत्तर सापडले. भिंतीलगत देवदाराच्या लाकडी बैठका होत्या, आतून पोकळ, वर गाद्या टाकलेल्या. मफद्दलच्या तीन जाडजूड आत्या एका बैठकीवर बसून हसायच्या, तेव्हाही लाकूड कुरकुरत नसे. तिने बैठकीवर अंग टाकून पाहिले. मग उठून खोलीभर नजर फिरवली. कफ्तानाचे कापड पूर्ण लांबीचे पसरता येईल अशी घरात हीच एक खोली होती, आणि पाहुणे सोडले तर तिथे कोणी कधी बसलेले नव्हते.

शुक्रवारी मफद्दल नेहमीप्रमाणे कुसकुस खायला आला. तिने वाढता वाढता त्याला सांगितले.

"पाहुण्यांच्या बैठकांवर शिवणाचं टेबल?" त्याचा हात तोंडाशी थांबला. "उद्या म्हणशील, उशांवर चूल मांडते."

"वेगळी चूल कशाला? तुमच्या पाहुण्यांसाठी या घरातली चूल कधी विझलीय?"

खरे तर तेच होते. मफद्दलचा नव्या शहरातला फ्लॅट अरुंद होता. त्यामुळे कोणीही मोठा माणूस आला की तो त्याला इथे, धाकट्या भावाच्या घरी, घेऊन येई आणि मधल्या गादीवर स्वतः बसे. स्वयंपाक रहीमो करी. भाऊ गेल्यावर घरात त्याचा वाटा निघाला होता, आणि ती खोली एरवी उघडीच असली तरी त्या वाट्याची खूण म्हणून तिची किल्ली तो खिशात बाळगत असे.

"त्या बैठका माझ्या आईने करून घेतल्यात, रहीमो."

"आणि वरच्या खोळी मी शिवल्यात. आईची आठवण हवी तर खोळी घेऊन जा. चांगल्या धुवून देते."

"लोक काय म्हणतील? भावाची बायको पाहुण्यांच्या खोलीत दुकान मांडून बसली."

"बसत नाही हो. बसता येत नाही, हेच तर सांगतेय कधीची."

त्याने हात धुतले. पुढच्या शुक्रवारी त्याच्या मुलासाठी मुलीकडचे येणार होते. चहा न घेताच तो उठला, पाहुण्यांच्या खोलीचे दार ओढून त्याने कुलूप फिरवले आणि लांब लोखंडी किल्ली अंगातल्या झग्याच्या, जेलाब्याच्या, खिशात टाकली. "पाहुणे येऊन गेले की बघू," तो म्हणाला. "तोवर विश्रांती घे."

विश्रांती हा शब्द रहीमोच्या कानात दोन दिवस वाजत राहिला. एका नवरीची आई कापड देऊन गेली होती, आणि ते कापायला आता हाच आठवडा उरला होता. सोमवारी सकाळी तिने अयाशीला बोलावले.

अयाशीने कुलपाला बोट लावले आणि अदबीने मान हलवली. "मी कुलूप तोडणारा नाही, लल्ला रहीमो. सी मफद्दल मला गल्लीतून हाकलतील."

"कुलूप तोडायला कोण सांगतंय? दार काढा."

त्याने दाराकडे पाहिले. दार अंगणाच्या बाजूला उघडणारे होते. बिजागऱ्यांच्या सळया बाहेरच होत्या.

"त्यांनी विचारलं तर?"

"सांगा, तुम्ही फक्त दार काढलं. कुलूप होतं तसंच आहे."

शमा पायरीवर बसून गाठी वळत होती. ती म्हणाली, "मआल्लम, एवढे कसबी कारागीर तुम्ही, घाबरताय कशाला? चोर किल्ली घेऊन गेला, आपण तर घरातच आहोत."

अयाशीने हसू मिशीत दाबले आणि सळयांवर हातोडा धरला. दार निघाले तेव्हा दोघींनी ते अंगणात आडवे धरले, आणि रहीमो क्षणभर दाराकडे बघत राहिली. ते कफ्तानाच्या कापडाएवढे लांब होते, रुंद होते, आणि आतली बाजू एकदम सपाट होती.

"वरची फळी शोधायला नको," ती म्हणाली.

"लल्ला, हे पाहुण्यांच्या खोलीचं दार आहे."

"होतं."

दोन बैठका एकावर एक रचल्या तेव्हा त्यांच्यावरचे दार तिच्या कमरेला आले. अयाशीने तिला तळहात टेकायला लावले, एक कोपर वाकवून पाहिले आणि खाली दोन पातळ पाचरी घातल्या. दार बैठकीपेक्षा रुंद असल्यामुळे उभे राहिल्यावर पायांची बोटे आत जात होती, पाठ ताठ राहत होती. पोकळीत कापडाचे गठ्ठे मावले. शेवटी स्क्रू आवळण्यापूर्वी अयाशी थांबला.

"एकदा आवळले की परत काढताना लाकडाला डाग राहील."

"आवळा," रहीमो म्हणाली.

तिने वर जुने घोंगडे ताणून बसवले आणि दोन्ही हातांनी टेबलावर सगळे अंग टाकले. काहीही हलले नाही.

शुक्रवारी मफद्दल मुलीच्या आईवडिलांना आणि आजीला घेऊन आला. अंगणात शिरतानाच त्याने खिशातून किल्ली काढली आणि ती पुढे धरून तो खोलीकडे वळला. तिथे दार नव्हते. उघड्या चौकटीतून दिसत होती ती रहीमो, ताठ उभी, समोर हिरवे ब्रोकेड पूर्ण लांबीचे पसरलेले, आणि कातर गळ्याच्या खुणेत अर्ध्यावर पोचलेली.

"या, या," ती मान वर न करता म्हणाली. "घर तुमचंच आहे. गाद्या अंगणात घातल्यात, वारा चांगला येतो. कुसकुस वाफेला आहे. मला मात्र गळा पूर्ण झाल्याशिवाय हात काढता येणार नाही."

पाहुणे गाद्यांवर बसले. शमाने पाणी आणले. मुलीची आजी तेवढी चौकटीत येऊन उभी राहिली; पुढच्या वर्षी नातीसाठी असा कफ्तान कापणार का, असे तिने विचारले. रहीमो म्हणाली, "मुलगी इथेच उभी करा, माप घेईन."

आजी परतल्यावर मफद्दल आत आला. आवाज दाबून म्हणाला, "मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"अंगण मोठं आहे, सी मफद्दल."

"या घरात माझा वाटा आहे."

"आहे ना. भिंत घालून घ्या. पण मग भिंतीपलीकडे स्वयंपाकही तुम्हीच करायचा."

हातातली किल्ली खिशात ठेवावी की कुठे ठेवावी हे न सुचून त्याने ती टेबलाच्या कडेवर टाकली आणि तो पाहुण्यांत जाऊन बसला. रहीमोने कातर थांबवली, किल्ली उचलून तळहातावर तोलून पाहिली. चांगली जड होती. ब्रोकेडचा एक कोपरा सकाळपासून सारखा निसटत होता. तिने किल्ली त्या कोपऱ्यावर ठेवली, कापड हाताने सारखे केले आणि गळ्याचा उरलेला अर्धा भाग कापायला घेतला.