अरबस्तानचा वास

आमच्या पेठेतल्या चादरवाल्यांच्या नाकात सदा तपकीर असे आणि बोलण्यात परदेश. स्वतः मात्र ते बार्शीच्या पुढे गेले नव्हते. एकदा त्यांनी मुंबईहून महागडं विलायती सेंट मागवलं. अरबस्तानचा वास म्हणे. बाटलीवर उंटही होता. त्याचा फाया त्यांनी अत्तरासारखा कानात खोचला आणि दुकानात येईल त्याच्या मनगटाला सेंट लावू लागले.

"मास्तर, डोळे मिटा की. कुटं पोचला?"

मला गुलाब आणि थोडं रॉकेल जाणवलं. पण त्यांचं तोंड बघून म्हणालो, "वाळू दिसतेय. उंट चाललेत."

"आनि वारा?"

"गरम."

त्यांनी कानातला फाया नाकाशी धरून जोरात हुंगला. तपकिरीनं ते नाक केव्हाच निकामी केलं होतं.

"व्हय," ते डोळे मिटून म्हणाले, "लई गरम हाय."